जुन्या टर्नटेबलची पुनर्बांधणी

जुन्या टर्नटेबलची पुनर्बांधणी म्हणजे वापरातून बाद झालेले ध्वनिमुद्रिकावादन यंत्र घरच्या घरी उघडून, स्वच्छ करून, त्याचे झिजलेले भाग बदलून आणि आवश्यक तेथे सुधारणा करून ते पुन्हा योग्य गतीने व कमीत कमी गोंगाटाने वाजते करणे होय. हा छंद प्रामुख्याने १९५० ते १९८० या काळात युरोप, अमेरिका व जपान येथे तयार झालेल्या यंत्रांभोवती वाढला. त्यात दोन वेगळे हेतू आढळतात. यंत्र मूळ स्थितीत आणणे हा पहिला, तर मूळ यंत्रापेक्षा त्याचे वादन अधिक चांगले करणे हा दुसरा. प्रत्यक्षात बहुतेक कामांत हे दोन्ही हेतू कमीअधिक प्रमाणात एकत्र असतात.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाखेच्या मिश्रणापासून बनवलेल्या, मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या ध्वनिमुद्रिका प्रचलित होत्या. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये ३३ १/३ फेऱ्यांची दीर्घवादन ध्वनिमुद्रिका आणि आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची लहान ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. या दोन्हींची खाच पूर्वीपेक्षा बरीच अरुंद होती. अरुंद खाचेतून ध्वनी उचलताना यंत्राचा स्वतःचा कंप व गतीतील चढउतार अधिक स्पष्ट ऐकू येतात. त्यामुळे अचूक अभियांत्रिकीची गरज निर्माण झाली आणि पुढील तीन दशकांत उत्तम दर्जाची टर्नटेबले तयार झाली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टीरिओ ध्वनिमुद्रिका आल्या. त्यांच्या खाचेत सुईची उभी हालचालही नोंदली जात असल्याने मोटरीच्या घरघरीचा प्रश्न आणखी तीव्र झाला.

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आल्यानंतर ही यंत्रे माळ्यावर, अडगळीत किंवा भंगारात गेली. तथापि त्यांतील अनेकांचे मुख्य भाग, म्हणजे ओतीव सांगाडा, जड फिरती चकती आणि पोलादी अक्ष, काळाच्या ओघात फारसे बिघडत नाहीत. बिघडतात ते रबर, वंगण, विजेच्या तारा व कपॅसिटर यांसारखे तुलनेने स्वस्त भाग. पुनर्बांधणी शक्य होते ती या कारणामुळे. ध्वनिमुद्रिकांना नव्याने मागणी आल्यानंतर या छंदाला आणखी चालना मिळाली. अमेरिकेत २०२० मध्ये ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीचे मूल्य १९८६ नंतर प्रथमच कॉम्पॅक्ट डिस्कच्या विक्रीपेक्षा जास्त झाले.

रचना

टर्नटेबलचे चार मुख्य घटक मानता येतात. ध्वनिमुद्रिका फिरवणारी चकती व तिचे बेअरिंग हा पहिला, मोटर व चालनयंत्रणा हा दुसरा, पिकअप धरणारा टोनआर्म हा तिसरा आणि या सर्वांना धरून ठेवणारी बैठक हा चौथा. यंत्राचे कार्य सांगायला सोपे आहे. सुईला खाचेतील नागमोडी आकाराखेरीज दुसरे काहीही जाणवू नये, एवढेच त्याने साधायचे असते. मोटरीचा कंप, बेअरिंगमधील खडखड, जमिनीवरून चालणाऱ्या माणसाच्या पावलांचा धक्का आणि ध्वनिक्षेपकातून परत येणारा हादरा हे सर्व सुईच्या दृष्टीने खाचेतील ध्वनीसारखेच असतात व तेही त्याच प्रमाणात मोठे होऊन ऐकू येतात. पुनर्बांधणीतील बहुतेक कामे अंतिमतः या अनाहूत कंपांना अटकाव करण्यासाठीच असतात.

चालनपद्धती आणि प्रातिनिधिक यंत्रे

मोटरीची गती चकतीपर्यंत पोहोचवण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत.

आयडलर पद्धतीत मोटरीचा अक्ष आणि चकतीची आतील कड यांच्यामध्ये रबरी कडा असलेले चाक दाबून बसवलेले असते. इंग्लंडमधील स्विंडन येथील गॅरार्ड कंपनीचे १९५३ चे ३०१ आणि त्यानंतरचे ४०१ ही या पद्धतीची प्रसिद्ध यंत्रे होत. गॅरार्ड ३०१ टोनआर्मशिवाय विकले जाई आणि नभोवाणी केंद्रांतही वापरले जाई. मोटरीच्या अक्षावरील धातूच्या चकतीजवळ चुंबक सरकवून त्याची गती थोडीफार कमीजास्त करता येते. स्वित्झर्लंडमधील लेंको कंपनीच्या एल ७५ या यंत्रात मोटरीचा अक्ष शंकूच्या आकाराचा असून आयडलर चाक उभे असते. चाक शंकूवर मागेपुढे सरकवले की गती १६ फेऱ्यांच्या आसपासपासून ७८ फेऱ्यांपर्यंत अखंडपणे बदलता येते. सुमारे ४ किलोग्रॅम वजनाची चकती आणि साधी यंत्रणा यांमुळे घरगुती पुनर्बांधणीत हे यंत्र विशेष लोकप्रिय आहे.

पट्ट्याच्या पद्धतीत मोटर व चकती यांना लवचीक रबरी पट्टा जोडतो. पट्टा मोटरीचा कंप मोठ्या प्रमाणात शोषून घेतो. अमेरिकेतील एडगर व्हिल्चर यांनी रचलेले अकूस्टिक रिसर्च कंपनीचे एक्सए हे १९६१ चे यंत्र या पद्धतीतील महत्त्वाचा टप्पा ठरले. त्यात चकती व टोनआर्म एकाच आडव्या पट्टीवर बसवून ती पट्टी तीन स्प्रिंगांवर तरंगती ठेवली होती. मोटर मात्र स्थिर सांगाड्यावर असल्याने तिचा कंप सुईपर्यंत पोहोचत नसे. हीच कल्पना पुढे थोरेन्स टीडी १५० व टीडी १६० या यंत्रांत वापरली गेली. त्याआधीचे थोरेन्स टीडी १२४ हे १९५७ चे यंत्र पट्टा व आयडलर या दोन्हींचा एकत्र उपयोग करते.

थेट चालन पद्धतीत मोटरीचा अक्ष हाच चकतीचा अक्ष असतो. जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाखाली १९७० मध्ये एसपी १० आणि १९७२ मध्ये एसएल १२०० ही यंत्रे आणली. या यंत्रांची यांत्रिक झीज अत्यल्प असते. परंतु त्यांचे गतिनियंत्रण इलेक्ट्रॉनिक असल्याने दुरुस्तीसाठी मंडल तपासण्याचे कौशल्य लागते.

निवड व प्राथमिक तपासणी

पुनर्बांधणीसाठी यंत्र निवडताना बाहेरील चकाकीपेक्षा पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात.

• चकती हाताने फिरवल्यावर ती बराच वेळ, आवाज न करता फिरत राहावी. तिची कड वरखाली डुलत असल्यास चकती किंवा अक्ष वाकलेला असण्याचा संभव असतो.
• अक्ष कडेने हलवून पाहिल्यास बेअरिंगमध्ये ढिलाई जाणवू नये.
• टोनआर्म दोन्ही दिशांना अडथळ्याविना सरकावा, पण त्याच्या सांध्यात खुळखुळ नसावी.
• जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग तडकलेले किंवा फुगलेले नसावेत. अशुद्ध मिश्रधातूत कालांतराने आतून भेगा पडतात व तो दोष दुरुस्त होत नाही.
• त्या यंत्राचे आयडलर चाक, पट्टा, सुई हे भाग आज मिळतात काय, याची आधी खात्री करावी.

यंत्र उघडण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घेणे, स्क्रू व वाशर वेगवेगळ्या डब्यांत क्रमाने ठेवणे आणि तारांचे रंग लिहून ठेवणे ही पूर्वतयारी अनुभवी कारागीरही टाळत नाहीत. चकतीखालील पातळ वाशर किंवा अक्षाच्या तळाशी असलेली पोलादी गोळी हरवल्यास सगळे काम अडते. ही गोळी तेलाने चिकटून बसते व अक्ष बाहेर काढताना नकळत खाली पडते.

वीजपुरवठा

अनेक वर्षे बंद असलेले यंत्र एकदम विजेला जोडणे धोक्याचे असते. कापडी किंवा रबरी आवरणाच्या जुन्या तारा हात लावताच भुगा होऊन पडतात. प्रथम तारा बदलणे, आतील धातूचा सांगाडा तीन पिनांच्या जोडणीने भूसंपर्कित करणे आणि मल्टिमीटरने गळती तपासणे आवश्यक असते. मोटरीच्या स्विचवर ठिणगी रोखण्यासाठी बसवलेला कागदी कपॅसिटर बहुधा निकामी झालेला असतो. तो अचानक पेटून धूर होण्याचा संभव असल्यामुळे, चालू वाटला तरी तो काढून त्याजागी थेट वीजवाहिनीवर वापरण्यास योग्य असा एक्स २ वर्गाचा नवा कपॅसिटर लावतात. ज्याला विजेच्या कामाचा सराव नाही त्याने हा भाग जाणकाराकडून करून घ्यावा.

परदेशातून आणलेल्या यंत्रांबाबत विजेचा दाब आणि वारंवारता या दोन गोष्टींची गल्लत होते. भारतात वीज २३० व्होल्ट दाबाची व ५० हर्ट्झ वारंवारतेची असते, तर अमेरिकेत ती १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ असते. दाबातील फरक ट्रान्सफॉर्मरने दूर होतो, परंतु ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलत नाही. प्रत्यावर्ती विजेवर चालणाऱ्या जुन्या मोटरीची गती वारंवारतेवर अवलंबून असते. म्हणून ६० हर्ट्झसाठी बनवलेले यंत्र ५० हर्ट्झवर ५/६ गतीने चालते. ३३ १/३ ऐवजी सुमारे २७.८ फेरे होतात आणि २० मिनिटांची बाजू संपायला २४ मिनिटे लागतात. स्वरही सुमारे तीन अर्धस्वरांनी उतरतो. काळी चारमध्ये गायलेले गाणे पांढरी चारच्या जवळपास ऐकू येते. यावरील योग्य उपाय म्हणजे मोटरीच्या अक्षावर मूळ पुलीच्या सहापंचमांश व्यासाची पुली बसवणे. गॅरार्डसारख्या काही कंपन्या दोन्ही वारंवारतांसाठी वेगळ्या पुली तयार करत. मूळ पुली न मिळाल्यास कुशल टर्नरकडून लेथवर पितळेची पुली करवून घेतात. पुलीचे भोक मध्यापासून जरा जरी सरकले तरी प्रत्येक फेऱ्यात गती बदलत राहते, त्यामुळे हे काम अत्यंत काटेकोर असावे लागते. एकदिश विजेवर चालणाऱ्या मोटरींना ही अडचण येत नाही.

यांत्रिक दुरुस्ती

बेअरिंग : पन्नास वर्षांपूर्वीचे तेल डिंकासारखे घट्ट झालेले असते. अक्ष बाहेर काढून तो व त्याची नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने स्वच्छ पुसतात. तळाच्या गोळीला किंवा तिच्याखालील चकतीला खड्डा पडला असल्यास ते भाग बदलतात. त्यानंतर यंत्राच्या निर्मात्याने सुचवलेल्या दाटपणाचे तेल घालतात. सच्छिद्र कांस्याच्या बुशांमध्ये तेल मुरलेले असते. ते सुकले असल्यास बुश कोमट तेलात बुडवून ठेवतात. गॅरार्ड ३०१ चे आरंभीचे नग ग्रीसच्या व नंतरचे तेलाच्या बेअरिंगचे आहेत, म्हणून वंगण निवडण्यापूर्वी आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे पाहावे लागते. गंज सोडवण्यासाठी मिळणारे पातळ फवारे बेअरिंगचे वंगण म्हणून वापरू नयेत. ते लवकर उडून जातात व आधीचे तेलही धुऊन नेतात.

मोटर : मोटरीचेही वरचे व खालचे बुश स्वच्छ करून त्यांना तेल द्यावे लागते. मोटर उघडून पुन्हा बंद करताना दोन्ही बुश एका रेषेत न आल्यास ती गरम होते किंवा गुरगुरते. मोटर ज्या रबरी गुळगुळीत आधारांवर किंवा स्प्रिंगांवर टांगलेली असते ते आधार कडक झाल्यास बदलतात. अनेकदा केवळ एवढ्याने घरघर लक्षणीय प्रमाणात कमी होते.

आयडलर चाक व पट्टा : आयडलर चाक मोटरीला टेकलेल्या स्थितीत वर्षानुवर्षे राहिले तर त्याच्या कडेला चपटा डाग पडतो व चकती फिरताना ठराविक अंतराने ठक असा आवाज येतो. कडेचे रबर केवळ गुळगुळीत झाले असल्यास बारीक पॉलिश पेपरने हलके घासून व अल्कोहोलने पुसून भागते. रबर कडक झाले असल्यास नवे रबर चढवावे लागते. सैल पट्टाही बदलणे हाच उपाय आहे. चकतीची आतील कड, पुली, आयडलर व पट्टा या चार जागांवर तेलाचा लवलेशही राहता कामा नये, नाहीतर चाक घसरते. यंत्र बंद करताना गतीची कळ मधल्या अथवा बंद स्थितीत ठेवल्यास आयडलर अलग राहतो व पुढील बिघाड टळतो.

स्वयंचलित यंत्रणा : ध्वनिमुद्रिका संपताच आर्म आपोआप परत आणणाऱ्या यंत्रांत अनेक तरफा व सरकपट्ट्या असतात. त्यांतील ग्रीस कालांतराने दगडासारखे होते. जर्मनीच्या ड्युअल कंपनीच्या यंत्रांत आर्म उचलला जाऊनही जागेवरून हलत नसेल, तर कारण बहुधा तांदळाच्या दाण्याएवढी एक मऊ टोपी झिजून पडली हे असते. अशा वेळी संपूर्ण यंत्रणा निकामी समजून यंत्र टाकून देणे हे अज्ञानच ठरते.

बैठक

आयडलर पद्धतीच्या यंत्रांत मोटर थेट सांगाड्यावर असते. मूळची पोकळ, पातळ लाकडी पेटी अशा यंत्राचा कंप ढोलाप्रमाणे वाढवते. म्हणून गॅरार्ड व लेंको यंत्रांच्या पुनर्बांधणीत नवी, जड बैठक हा सर्वाधिक परिणामकारक बदल मानला जातो. त्यासाठी प्लायवुडचे थर एकमेकांवर चिकटवतात. १८ मि.मी. जाडीचे चार थर घेतल्यास ७२ मि.मी. जाडीचा ठोकळा तयार होतो. यंत्राचा खालचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घेऊन प्रत्येक थरात त्याप्रमाणे पोकळी कापतात. तरफा हलण्यास पुरेशी जागा राहील हे आधी तपासावे लागते. काहीजण पाटीचा दगड किंवा सागवान वापरतात.

स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या यंत्रांना मात्र हा उपाय लागू पडत नाही. तेथे स्प्रिंगांची उंची सारखी करून, चकती हलकेच दाबून सोडल्यावर ती तिरकी न होता सरळ वरखाली झुलेल अशी जुळणी करणे हे मुख्य काम असते. दोन्ही प्रकारांत यंत्र पाणसळीने समपातळीत ठेवणे अनिवार्य आहे.

टोनआर्म

टोनआर्मचे सांधे स्वच्छ करताना अतिशय हलका हात लागतो. सांध्यांना घट्ट तेल दिल्यास सुई खाचेमागे सहज जाऊ शकत नाही. लेंको एल ७५ च्या आर्ममध्ये उभी हालचाल ज्या इंग्रजी व्ही आकाराच्या रबरी ठोकळ्यांवर होते ते जवळजवळ प्रत्येक जुन्या यंत्रात विरलेले आढळतात. त्यांचे नवे ठोकळे बनवून मिळतात. आर्मच्या आतील केसासारख्या तारा तुटल्या असल्यास नव्या घालाव्या लागतात. पिकअपकडील तारांचे रंग रूढ आहेत. डाव्या बाजूसाठी पांढरा व निळा आणि उजव्या बाजूसाठी तांबडा व हिरवा, त्यांपैकी पांढरा व तांबडा ही धन टोके असतात.

आर्म बदलायचा असल्यास आर्मचे प्रभावी वस्तुमान आणि पिकअपची लवचीकता यांचा मेळ पाहावा लागतो. दोन्ही मिळून एक झुलणारी प्रणाली तयार होते आणि तिची नैसर्गिक वारंवारता ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावी असा संकेत आहे. ती याहून कमी असल्यास वाकड्या ध्वनिमुद्रिकेवर आर्म उसळतो, जास्त असल्यास संगीतातील खर्ज बिघडतो. एकूण वस्तुमान ग्रॅममध्ये आणि लवचीकता मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटनमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने १५९ ला भागले की ही वारंवारता मिळते. उदाहरणार्थ, आर्म, पिकअप व स्क्रू मिळून १८ ग्रॅम आणि लवचीकता १५ असल्यास गुणाकार २७०, त्याचे वर्गमूळ सुमारे १६.४ आणि वारंवारता सुमारे ९.७ हर्ट्झ येते. हा मेळ समाधानकारक होय.

पिकअप व सुई

स्वस्त जुन्या यंत्रांत स्फटिक किंवा सिरॅमिक पिकअप असे. ते मोठा संकेत देत असल्याने साध्या प्रवर्धकावर चाले, पण सुईचा भार ५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक लागे. चुंबकीय पिकअपला बहुधा १.५ ते ३ ग्रॅम भार पुरतो. मात्र त्याचा संकेत काही मिलिव्होल्टच असतो, म्हणून त्याला ४७ किलोओहम भाराचा व आरआयएए समकरण करणारा फोनो प्रवर्धक आवश्यक असतो. हलका भार पेलू न शकणाऱ्या ताठर आर्मवर नाजूक चुंबकीय पिकअप बसवणे ही नवशिक्यांकडून हमखास होणारी चूक आहे.

पिकअपची बैठक योग्य नसेल तर सुई खाचेला स्पर्शरेषेत राहत नाही. मध्यबिंदूवर खिळलेला आर्म वर्तुळाच्या कमानीत फिरतो, तर ध्वनिमुद्रण करणारी सुई सरळ त्रिज्येवरून सरकलेली असते. म्हणून हा दोष सर्वत्र शून्य करता येत नाही. तो दोन ठिकाणी शून्य व इतरत्र कमीत कमी ठेवता येतो. यासाठीचे गणित एरिक लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये आणि एच. जी. बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये मांडले. प्रचलित जुळणीत हे दोन बिंदू मध्यापासून सुमारे ६६ मि.मी. व १२०.९ मि.मी. अंतरावर येतात. कागदावर छापलेल्या मापपट्टीच्या साहाय्याने पिकअप पुढेमागे सरकवून ही जुळणी करतात. त्यानंतर भारमापकाने सुईचा भार मोजतात. भार कमी ठेवल्यास ध्वनिमुद्रिका सुरक्षित राहते हा समज चुकीचा आहे. अपुऱ्या भाराने सुई खाचेच्या भिंतींवर आपटत राहते आणि नुकसान अधिक होते.

गतीची तपासणी

गती तपासण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कागदी स्ट्रोब चकती. ५० हर्ट्झ विजेवरील निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. चकतीवर १८० रेघा असतील तर ३३ १/३ फेऱ्यांना त्या स्थिर भासतात. रेघा फिरण्याच्या दिशेने पुढे सरकत असतील तर गती जास्त, मागे सरकत असतील तर कमी. ७८ फेऱ्यांसाठी ७७ रेघा वापरतात. ६० हर्ट्झसाठी छापलेल्या चकतीवर ३३ १/३ फेऱ्यांसाठी २१६ रेघा असतात. ती भारतात वापरल्यास उत्तर चुकते. एक टक्का गती वाढल्यास स्वर अर्धस्वराच्या सुमारे एकषष्ठांशाने चढतो.

गतीतील हळू चढउतार लांबवलेल्या स्वरात थरथरीसारखा ऐकू येतो. तंबोऱ्याची किंवा सनईची ध्वनिमुद्रिका या दोषाची चांगली परीक्षा घेते. मात्र प्रत्येक वेळी दोष यंत्राचा नसतो. ध्वनिमुद्रिकेचे भोक मध्यापासून १ मि.मी. सरकलेले असेल तर बाहेरच्या खाचांत सुमारे ०.७ टक्के आणि आतील खाचांत त्याहून जास्त चढउतार होतो.

७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका

पुनर्बांधणीचे महत्त्व सर्वाधिक जाणवते ते या ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत, कारण आजच्या अनेक नव्या टर्नटेबलांत ७८ ची गती नसते. भारतात १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग यांनी कोलकात्यात पहिली ध्वनिमुद्रणे केली आणि १९६० च्या दशकातही येथे ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका निघत होत्या. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांचे गायन मूलतः याच माध्यमात नोंदले गेले. यांतील अनेक ध्वनिमुद्रिकांच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत. त्या चुकीच्या यंत्रावर वाजवणे म्हणजे हाती असलेला पुरावा झिजवणे होय.

या ध्वनिमुद्रिकांसाठी पुढील काळजी घेतली जाते.

• दीर्घवादन ध्वनिमुद्रिकेच्या सुईचे टोक सुमारे १८ मायक्रोमीटर त्रिज्येचे, तर ७८ च्या सुईचे सुमारे ७० मायक्रोमीटर असते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासते व मुख्यतः कचऱ्याचाच आवाज उचलते.
• लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यामुळे विनाइल स्वच्छ करण्यासाठी मिळणारी अल्कोहोलयुक्त द्रावणे या ध्वनिमुद्रिकांना कदापि लावू नयेत.
• जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर विनाइलची ध्वनिमुद्रिका वाजवू नये. त्याच्या पोलादी सुईने व जड डोक्याने खाच एकाच वादनात कायमची खरवडली जाते.
• आरंभीच्या ध्वनिमुद्रिका अचूक ७८ फेऱ्यांना नोंदलेल्या असतातच असे नाही. गती बदलता येणारे यंत्र येथे उपयुक्त ठरते. साथीला पेटी असल्यास तिच्या स्वराशी ताडून मूळ गतीचा अंदाज बांधता येतो.

सुईच्या टोकाचा व गतीचा विचार न करता केलेल्या नव्या प्रतींत गायकाची पट्टीच बदललेली असते आणि पुढे तीच प्रत प्रमाण मानली जाण्याचा धोका असतो.

मूळ रूप की सुधारणा

या क्षेत्रात दोन मतप्रवाह आहेत. एक पक्ष यंत्राचे ऐतिहासिक मूल्य जपण्याच्या बाजूचा आहे. मूळ रंग, मूळ कळा आणि मूळ आर्म काढून टाकल्यास यंत्राचा इतिहास पुसला जातो, असे त्याचे म्हणणे असते. दुसरा पक्ष यंत्र हे ऐकण्यासाठी आहे असे मानतो व त्यासाठी सांगाडा कापणे, मोटर वेगळी बसवणे, चकतीला नवा थर देणे असे बदल करतो. या दोहोंमधील सर्वमान्य तडजोड म्हणजे उलटवता येण्याजोगे बदल. नवी बैठक, नव्या तारा, बाहेरचा वीजपुरवठा हे बदल पुन्हा काढून टाकता येतात. नवीन भोके पाडणे, ओतीव भाग कापणे किंवा मूळ रंग खरवडणे हे बदल कायमचे असतात. काढलेले मूळ भाग चिठ्ठी लावून यंत्राबरोबरच जपून ठेवणे ही चांगली प्रथा समजली जाते.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईतील चोरबाजारात आणि पुण्यातील जुन्या बाजारात जुने ग्रामोफोन, रेकॉर्ड प्लेयर व ध्वनिमुद्रिका मिळत आल्या आहेत. भारतातील मध्यमवर्गीय घरांत प्रामुख्याने एचएमव्ही फिएस्टासारखी सुटसुटीत यंत्रे होती. त्यांची पुनर्बांधणी तुलनेने सोपी असली, तरी जड सुईभारामुळे दुर्मिळ ध्वनिमुद्रिकांसाठी ती मूळ रूपात वापरणे योग्य नसते. अशा बाजारांत ग्रामोफोनच्या नावाने नवा कर्णा व जुनी यंत्रणा जोडून केलेले बनावट नगही विकले जातात. ते शोभेपुरतेच असतात. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने संग्राहकांना एकत्र आणून जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या अभ्यासाला व जतनाला चालना दिली.

दमट हवामान हा किनारपट्टीवरील वेगळा प्रश्न आहे. पावसाळ्यात पोलादी अक्षाला गंज चढतो, प्लायवुड फुगते आणि ध्वनिमुद्रिकांवर बुरशी येते. त्यामुळे बैठकीसाठी जलरोधक प्लायवुड वापरणे, सर्व कडांना पॉलिश देणे आणि यंत्र आठवड्यातून एकदा तरी काही मिनिटे चालवणे हितावह ठरते. नियमितपणे फिरणाऱ्या यंत्राचे तेल अक्षावर पसरलेले राहते, आणि बंद ठेवलेल्या यंत्रापेक्षा ते अधिक काळ टिकते.